जामीन कोण राहणार?

भल्लूरचे दिवाण नारोपंत यांचं एक पालुपद होतं, “या राज्याचा गाडा मी हाकतो!”

एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं. ज्याच्या हातून एकदा गाडी उलटली, त्याने जामीनदार आणल्याशिवाय पुन्हा कासरा धरायचा नाही.

गोंदाजी गाडीवान हबकलाच. लोकांच्या गाड्या हाकून तो पोट भरायचा, आणि परवाच घाटात त्याच्या हातून एक गाडी उलटली होती. तो धावत दरबारात आला.

“महाराज, माझी स्वतःची गाडीच नाही. मग जामीन कशापायी?”

नारोपंत गरजले, “गाडी कुणाची का असेना! खोड गाडीत नसते, हाकणाऱ्यात असते.”

गोंदाजीने हात जोडले. “पटलं. मग आधी दिवाणजींनी जामीनदार द्यावा.”

भालदाराच्या हातातली काठी खाली पडली.

“मी?” नारोपंतांचा आवाज चिरकला. “मी जन्मात कासरा धरला नाही!”

“राज्याचा गाडा तुम्हीच हाकता ना? गाडा महाराजांचा, तुमचा नव्हे. आणि गेल्या साली तुमच्या हट्टापायी लढाई झाली, निम्मा मुलूख गेला. गाडा उलटला की नाही?”

महाराजांचा विडा तोंडापाशीच थांबला. मग ते सावकाश वळले. “दिवाणजी, तुम्हाला जामीन कोण राहतो?”

नारोपंतांनी आशेने सरदारांकडे पाहिलं. पन्नासच्या पन्नास सरदार गालिच्याची नक्षी न्याहाळू लागले.

नारोपंत घसा खाकरून पुटपुटले, “महाराज, फर्मान जरा घाईतच निघालं.”