शिंपिणीचं घर आणि मातीखालची मंडळी

हळू ऐका. अगदी हळू. मोठ्यानं बोललात तर गोष्ट घाबरून पळून जाईल, मग मला विचारू नका.

भर दुपार होती. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. कावळासुद्धा गप्प होता.

परसात वांग्याचं झाड होतं. झाडावर शिंपीण होती. शिंपीण म्हणजे पानं शिवून घर करणारं पाखरू. केवढं? तुमच्या मुठीत मावेल एवढुस्सं.

शिंपिणीनं एक पान घेतलं. चोचीनं टोचलं, टुच! धागा ओढला, सर्र! घर झालं.

आणि पान पिवळं पडलं. टर्र! फाटलं. टप! गळलं. घर गेलं.

शिंपिणीच्या पोटात अंडं होतं. आज-उद्या बाहेर येणार होतं. घर नाही, तर अंडं ठेवायचं कुठे? शिंपिणीला रडूच आलं.

लांबून आवाज आला. खर्र... खर्र... कोण होतं? दिसत नव्हतं.

टुणटुण, फुर्र! शिंपीण वरच्या फांदीवर गेली.

“वांगीताई, वांगीताई, हिरवं पान दे ना!
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

झाडावर एकही पान हिरवं नव्हतं. सगळी पिवळी. पिवळ्या पानांतून बारीक आवाज आला.

“मी कशी देऊ? माती मला खाऊ देत नाही. मातीला सांग.”

खर्र... खर्र...

टुणटुण, फुर्र! शिंपीण खाली उतरली. जमीन कडक होती. जमीन गप्प होती. शिंपिणीनं चोचीनं दार वाजवलं. टक टक.

“मातीआई, मातीआई, खाऊ दे ना!
वांगीताई पान देईना,
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

पायाखाली काहीतरी हललं. हुंऽऽऽ. खूप खोलातून आवाज आला.

“मी कशी देऊ? माझं पोट रिकामं. चवळीच्या मुळाला गाठी आहेत. त्या मला खाऊ शिजवून देत नाहीत. गाठींना सांग.”

खर्र... खर्र... आवाज जरा जवळ आला.

टुणटुण, फुर्र! शिंपीण चवळीच्या वेलापाशी गेली. तिथे जमिनीला एक भेग होती. शिंपिणीनं भेगेला डोळा लावला.

आत अंधार. अंधारात मूळ. मुळाला गाठी लटकलेल्या, बारक्या बारक्या, मण्यांसारख्या. गाठींची दारं बंद. एका दाराला फट होती. फटीतून आतलं दिसलं. आत सगळं लाल लाल!

शिंपीण घाबरली. पण पळाली नाही.

“गाठीतायांनो, गाठीतायांनो, खाऊ शिजवा ना!
मातीआई खाऊ देईना,
वांगीताई पान देईना,
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

सगळ्या गाठी एकदम बोलल्या. एकाच आवाजात.

“आम्ही कशा शिजवू? आम्ही हवेतला नत्र शिजवतो. नत्र खाली येत नाही. नत्राला सांग.”

खर्र... खर्र...

टुणटुण, फुर्र! शिंपीण उंच उडाली. इकडे पाहिलं, कुणी नाही. तिकडे पाहिलं, कुणी नाही.

“नत्रदादा, कुठे आहात?”

“इथे,” कानाशी कुणीतरी म्हणालं.

“इथेच,” दुसऱ्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

“मला का दिसत नाही?”

“आम्ही कुणालाच दिसत नाही. तुझ्या चोचीपुढे आम्ही. तुझ्या पंखाखाली आम्ही. आम्ही दोघं. हातात हात. घट्ट!”

आता तुमच्या नाकापाशीही तेच दोघं आहेत बरं का. शोधू नका, सापडायचे नाहीत.

शिंपिणीनं डोळे मिटले. आणि म्हणाली,

“नत्रदादा, नत्रदादा, खाली या ना!
गाठीताया शिजवेनात,
मातीआई खाऊ देईना,
वांगीताई पान देईना,
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

“आम्ही कसे येऊ?” दोघं एकदम म्हणाले. “माती दगडासारखी झालीय. आत जायला वाट नाही. गांडूळमामा वाट पाडत नाही. गांडूळमामाला सांग.”

खर्र... खर्र... आता तर फारच जवळ!

टुणटुण, फुर्र! शिंपीण मोरीमागे गेली. तिथे ओल होती. ओलीत एक भोक होतं. भोकातून काहीतरी वर आलं. लांब. ओलं. त्याला डोळे नव्हते. त्याला कान नव्हते. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, तेही कळेना!

“कोण गं? मला खाणार नाहीस ना?” ते म्हणालं.

“नाही रे मामा,” शिंपीण म्हणाली. “आज तुझ्याकडे काम आहे.

गांडूळमामा, गांडूळमामा, वाट पाड ना!
नत्रदादा खाली येईनात,
गाठीताया शिजवेनात,
मातीआई खाऊ देईना,
वांगीताई पान देईना,
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

“मी कसा पाडू?” गांडूळमामा म्हणाला. “मी उपाशी. पाचोळा खाल्ला की अंगात जोर येतो. पण या घरातली तानूमावशी सगळा पाचोळा झाडते. ढीग करते. आणि जाळते. तुझं पिवळं पानसुद्धा त्या ढिगात गेलं. तिला सांग.”

आणि तो भोकात गेला. सुळ्ळकन!

खर्र! खर्र! खर्र!

शिंपीण वळली. समोर धूर. नुसता धूर. धुरात कुणीतरी वाकलेलं. तोंड झाकलेलं. हातात लांब काहीतरी.

तो होता खराटा! आणि ती होती तानूमावशी. धुरानं ठसका लागतो ना, म्हणून तिनं नाकातोंडाला पदर बांधला होता. आपण उगाच घाबरलो. थोडंसंच घाबरलो, नाही का?

शिंपीण खराट्याच्या टोकावर जाऊन बसली.

“तानूमावशी, तानूमावशी, पाचोळा दे ना!”

“पाचोळा? छे गं बाई!” तानूमावशी म्हणाली. “पाचोळ्यात जनावर दडतं. दारात आलं म्हणजे?”

जनावर म्हणजे साप. तानूमावशी सापाला साप म्हणत नाही. नाव घेतलं की येतो, असं तिला वाटतं.

“हूश! जा बघू. मला अजून एक ढीग पेटवायचाय.”

तिनं काडेपेटी काढली. शिंपिणीनं खराटा सोडला नाही. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“तानूमावशी, तानूमावशी, पाचोळा दे ना!
गांडूळमामा वाट पाडेना,
नत्रदादा खाली येईनात,
गाठीताया शिजवेनात,
मातीआई खाऊ देईना,
वांगीताई पान देईना,
मला घर शिवता येईना,
पोटातलं अंडं थांबेना!”

तानूमावशीची काडी हातातच राहिली.

“अगं बाई! पोटुशी आहेस होय तू? मग आधी नाही का सांगायचं?” तिनं तोंडावरचा पदर सोडला. “पोटुशी लेक माझ्या दारात आली, आणि मी तिला हाकलू? कुणाला चिंचांचे डोहाळे लागतात, कुणाला बोरांचे. हिला पाचोळ्याचे! असू दे, माझे बाई. घे हवा तेवढा.”

मावशीनं आगीवर पाणी ओतलं. फस्स! धूर विरला. दारापुढचं अंगण तिनं लख्ख ठेवलं, तिथे जनावर नको. बाकीचा सगळा पाचोळा तिनं परसात नेला. वांग्याच्या बुडाशी पसरला. चवळीच्या बुडाशी पसरला. वर पाणी शिंपडलं. मग ती घरात गेली.

परसात कुणी नाही. सगळं चिडीचूप.

आणि पाचोळा हलला!

वारा नव्हता. तरी एक पान सरकलं. सर्र... मातीत गेलं. दुसरं पान सरकलं. सर्र... मातीत गेलं. खाली कुणीतरी खात होतं. मच मच. मच मच.

गांडूळमामानं पाचोळा खाल्ला. गांडूळमामानं वाट पाडली. त्या वाटेनं नत्रदादा खाली उतरले. सूऽऽऽ. गाठीतायांनी दारं उघडली. लाल लाल खोलीत नत्रदादांचे हात सुटले. टक्!

मग गाठीतायांनी शिजवलं. रटरट रटरट. मातीआईला खाऊ मिळाला. मातीआईनं वांगीताईला घास भरवला. एक घास मुळाचा. एक घास खोडाचा. एक घास पानाचा.

हे सगळं पटकन झालं का? नाही बाबा. अंडं आतून म्हणे, “आई, येऊ?” शिंपीण म्हणे, “थांब रे राजा, थोडंच.” अंडं पुन्हा म्हणे, “आई, येऊच?” शिंपीण म्हणे, “थांब रे सोन्या, थोडंच.” तिला फार काळजी वाटत होती. ती झाडावर बसून होती आणि खालचे आवाज ऐकत होती.

आणि एका सकाळी झाडाच्या शेंड्याला एक पान आलं. हिरवं! रुंद! मऊ!

“घे गं, तुझं पान,” वांगीताई म्हणाली.

टुच! सर्र! टुच! सर्र! शिंपिणीनं घर शिवलं. आत कापूस घातला. शेवटची गाठ मारली, आणि अंडं आलं. टुप्! अगदी वेळेवर!

काही दिवसांनी त्यातून पिल्लू निघालं. केवढंसं? तुमच्या अंगठ्याएवढं. दुपार झाली. सगळं गप्प झालं. पिल्लाला खालून आवाज आला. मच मच. मच मच.

“आई, खाली कोण आहे?”

“आपलीच मंडळी.”

“काय करतात?”

“जेवतात.”

“मला भीती वाटते.”

“थोडीशी वाटू दे. पण ते जेवतात, म्हणून आपलं घर हिरवं आहे.”

पिल्लू आईच्या पंखाखाली सरकलं. आईनं त्याला आणखी जवळ घेतलं. पिल्लाचा डोळा लागला.

खाली मंडळी जेवत होती.