पाळण्यातला वरवंटा

राज्याच्या इतिहास मंडळाचे एक संग्रहालय होते आणि ते सांभाळणारे एक वृद्ध संग्रहपाल होते. पुढच्या महिन्यात त्यांच्या किल्ल्या शिष्याकडे जायच्या होत्या. रोज सकाळी सागवानी पाळणा पुसून झाला की ते त्यात दगडी वरवंटा ठेवत, बारशाला बाळाच्या आधी ठेवतात तसा.

"तात्या, या वरवंट्याची नोंद कुठेच नाही," शिष्य म्हणाला. "उद्या कोणी पाटा कुठे आहे म्हणून विचारेल."

"पाळणा देणाऱ्या बाईंची तेवढी एकच अट आहे. रिकामा हलू द्यायचा नाही. हलला तर त्या परत नेणार."

"आणि ते बघायला त्या येणार आहेत?"

"येतात. वर्षातून एकदा."

त्या बाईंना स्टँडवरून आणायला तात्या गेले, त्या दुपारी शिष्याने वरवंटा कोनाड्यात ठेवला आणि पाहुण्यांना गंमत म्हणून पाळण्याला झोका दिला. पाहुणे निघून गेले. पाळणा थांबला नाही. त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. कड्या एका लयीत कुरकुरत राहिल्या. त्याने दोन्ही हातांनी पाळणा धरला. हात सोडताच तो पुन्हा हलू लागला, आधीपेक्षा जोरात, रडणाऱ्या मुलाला हलवावे तसा.

दारात तात्या आणि बाई उभ्या होत्या.

बाईंनी पाळण्याच्या काठावर नुसता हात टेकवला. आवाज मंदावला, थांबला.

"झोपली," त्या हळूच म्हणाल्या. मग शिष्याकडे वळल्या. "उठवलंस तिला. आता मी घरी नेऊ, का तू सांभाळशील?"

शिष्याने वरवंटा आणला. दगड कोमट लागत होता. ठेवताना त्याचा तळहात आपोआप एका टोकाखाली गेला, तान्ह्या बाळाच्या मानेखाली जातो तसा.

बाई ते पाहत होत्या. "राहू दे इथंच," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर तात्या म्हणाले, "लोक वस्तू देतात, असे आपण लिहितो. जे घरात ठेवून जगता येत नाही आणि टाकवतही नाही, ते लोक इथे आणतात. त्यांनी सांगितले तसे ते सांभाळायचे. खरेखोटे तपासायला पुढे वेळ असतो."

किल्ल्या त्यांनी त्याच संध्याकाळी दिल्या. दालन बंद करताना शिष्याने कडी आवाज न होऊ देता सरकवली.