राखणीला आणलेला दगड

एका बेटाला वाळूची पुळण होती, तेव्हाची ही गोष्ट. समुद्र दरसाल पुळणीचा घास घेऊ लागला, म्हणून सरकारने बंधारा मंजूर केला. दगड लांबून कुठे आणायचे? बेटाच्या टोकाचा खडकच सुरुंग लावून फोडला.

त्यातला एक काळा दगड बंधाऱ्यावर सगळ्यांत वर बसला. साहेबांनी त्याच्यावर नारळ वाढवला. दगड वाळूतल्या कुर्लीला ऐटीत म्हणाला, "आता भिऊ नकोस गं. मी आलोय राखणीला."

पावसाळ्यात लाटा थेट पुळणीवर चालून आल्या. वाळू गेली, कुर्लीचं बीळ गेलं, बंधारा खचला.

कलंडता कलंडता दगड ओरडला, "एवढी लाट इथवर आलीच कशी? आजवर तिला अडवत कोण होतं?"

पाण्यात ओढली जाणारी कुर्ली म्हणाली, "तूच, बाबा. तिकडे टोकाला होतास तेव्हा."