अकरावा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेलोक लढाईपेक्षा खेळावरून जास्त भांडत. अशाच एका राज्यात काठी-चेंडूचं भारी वेड होतं. लाकडी चेंडू वाकड्या काठीने टोलवायचा आणि माळ, ओढा, झुडपं ओलांडून लांबच्या खळग्यात घालायचा. असे नऊ खळगे. ज्याला सगळ्यांत कमी टोले लागतील, तो पहिला.

मोठा सामना राजधानीत, राजासमोर होई. पण तिथे जायचं तर आधी गावोगावच्या जत्रांत खेळावं लागे. हंगामाच्या शेवटच्या जत्रेत जे पहिले दहा येतील, त्यांनाच राजधानीचं बोलावणं.

एक खेळाडू बारा वर्षं या जत्रा करत होता. देवळात उतरावं, यजमान वाढेल ते जेवावं, पुढच्या गावची वाट धरावी. हात चांगला, नजर चांगली, पण शेवटच्या जत्रेत गडी दरवर्षी नेमका अकरावा यायचा. लोक त्याचं नावच विसरले. "या अकरावे, बसा!" म्हणायचे. तोही हसायचा, पण ते हसणं ओठांपुरतंच असे.

तेराव्या वर्षी तो घरातून निघाला, तेव्हा बायको म्हणाली, "मी अडवत नाही. पण गुडघा आता तुमचं ऐकत नाही. हा शेवटचा हंगाम, एवढं कबूल करा." त्याने कबूल केलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्या वर्षीची शेवटची जत्रा डोंगराच्या पायथ्याशी भरली. खेळाची रीत अशी, की प्रत्येकाचे टोले त्याच्या जोडीदाराने मोजायचे. एक टोला झाला की एक खडा पिशवीत. आपले अकरावे मात्र टोला मारला रे मारला, की दुसऱ्या जोड्यांकडे धावत. "आत्ता दहावा कोण? त्याचे खडे किती?" त्याचे खडे कमी निघाले की हे घाबरून नको तेवढा जोर लावत. जास्त निघाले की निर्धास्त होऊन हात सैल सोडत.

पाच खळगे झाले. विसावा घ्यायला तो करंजाखाली डोकं धरून बसला. त्या माळाचं गवत शेळ्या चरून आखूड ठेवत. त्यातली एक म्हातारी शेळी जवळ आली आणि बोलू लागली. शेळी कशी बोलेल, हे मला विचारू नका. बारा वर्षं एकट्याने जत्रा हिंडणाऱ्या माणसाशी कोणीही बोलतं.

"अरे बाबा, सकाळपासून बघतेय. चेंडू पायाशी आणि डोळे माळापलीकडे. कोणाला शोधतोस?"

"दहाव्याला."

"कशाला?"

"म्हणजे मी कुठे आहे ते कळेल."

"तू? तू तर हा इथे, करंजाखाली." शेळीने एक घास तोडला. "शेजारची किती खाते ते मोजत बसले असते, तर मी केव्हाच उपाशी मेले असते. तोंडासमोर असेल ते खाते मी."

तो चिडला. "तुम्हा शेळ्यांना राजधानीला जायचं नसतं!"

"नसतं बाबा. पण पोट भरायचं असतं."

तो काठी उचलून उठला. नंतरच्या तीन खळग्यांत तो एकदाही कुणाकडे धावला नाही. जीव तुटत होता, पण नाही धावला.

नवव्या खळग्याला चेंडू करवंदीच्या जाळीत अडकला. पुढे ओढा, पलीकडे खळगा. जोडीदार भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. तो कुजबुजला, "अहो, सांगू का? दहाव्याचे खडे..."

"नका सांगू. पाया पडतो तुमच्या!"

त्याने फक्त चेंडूकडे पाहिलं. पुढे वाट नव्हती, म्हणून त्याने तो हळूच मागे काढला. लोक ओरडले, "अरे, उलटा कुठे निघालास?" दुसऱ्या टोल्याला चेंडू ओढ्यापार गेला. तिसऱ्याला घरंगळत घरंगळत खळग्यात पडला.

संध्याकाळी पाटलांनी खडे मोजले. तो सातवा आला होता! त्याला रडूच कोसळलं.

जोडीदार म्हणाला, "दहावा तुमच्या एक खडा पुढे होता, तेच सांगत होतो. ऐकलं असतंत तर?"

"जाळीतूनच ओढ्यापार मारला असता."

"आणि बुडवला असता. त्या दहाव्यानेही बुडवला. आणखी तिघांनीही, एकमेकांचे खडे बघून."

राजधानीत चार मुलखांतल्या शेवटच्या जत्रांतून आलेल्या चाळीस जणांत तो एकविसावा आला. कितवा आलो, हे त्याला सोबत आलेल्या बायकोने सांगितलं, आणि त्याचं मोकळं हसणं पाहून पुढच्या हंगामाला निघायचा दिवसही तिनेच ठरवला.

तात्पर्य : दुसऱ्याचा आकडा बघत खेळणारा त्या आकड्याच्या मागेच राहतो, खेळावं ते समोरच्या चेंडूशी.