ग्रंथपारखी आणि आक्काचा पोपट

एका विणकरांच्या नगरात एक ग्रंथपारखी राहत होता. सोनार सोनं कसाला लावतो, तसा तो पुस्तक पारखायचा आणि पसंत पडलं तर पहिल्या पानावर आपला लाल ठसा उमटवायचा. त्याचा ठसा म्हणजे ब्रह्मवाक्य. ठसा नसलेलं पुस्तक वाणीसुद्धा पुड्या बांधायला घेत नाही, असं लोक म्हणत, आणि पारखी ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसत असे.

एके वर्षी नगरात नवलच घडलं. नवे माग आले, आणि तेही संगणकाला जोडलेले! संगणकावर चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, की माग आपोआप काठावर मोर विणणार, पदरावर पोपट बसवणार. हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहायचा, ती भाषाही अगदी नवी. तिचं नाव मागबोली. राणीने दवंडी पिटवली, "दसऱ्याला जो मागबोलीत एक पोपट विणून दाखवेल, त्याला नवा माग. ज्याला जमणार नाही, त्याने दुसरा धंदा बघावा."

विणकर धास्तावले. पिढ्यान् पिढ्या हातात धोटा धरलेली माणसं ती, दुसरा धंदा कुठला बघणार? शिकणं भाग होतं, पण शिकवणार कोण?

मग काय, कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशी पुस्तकं उगवली. ज्याला मागबोली काल समजली त्याने आज पुस्तक लिहिलं, आणि ज्याला अजून समजलीच नव्हती त्याने तर परवाच लिहून ठेवलं होतं. राणीने तो सगळा ढीग पारख्याकडे पाठवला. "यातलं एक निवडा. तेच घरोघर देऊ."

पारखी हुशार होता, खोटं कशाला बोला? आधी तो स्वतः मागबोली शिकला, चांगली घासूनपुसून. मग पुस्तकं वाचायला बसला. चुकांनी भरलेली पुस्तकं त्याने भराभर बाजूला टाकली. शेवटी दोन उरली. एक जाडजूड, दरबारातल्या मोठ्या पंडिताचं. त्यात शोधूनही चूक सापडेना. दुसरं तळहाताएवढं, कुणा अनोळखी मास्तरीणबाईंचं. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'आधी संगणकाचं बटण दाबा. पडदा उजळेपर्यंत थांबा. काहीच झालं नाही तर घाबरू नका.'

"हे काय पुस्तक झालं?" पारखी खो खो हसला. "उद्या लिहितील, घास तोंडात घाला आणि चावा!"

जाड पुस्तकावर लाल ठसा उमटला आणि ते घरोघर पोचलं.

भाद्रपद सरत आला, तसा पारखी विणकर आळीत निघाला. चार लोक आपलं कौतुक करतील, अशी आशा होतीच. त्याची मोठी बहीण, आक्का, तिथेच राहत होती. लहानपणी त्याचा हात हातात धरून पाटीवर त्याला बाराखडी शिकवली होती ती आक्कानेच. तिने विणलेला पोपट बघायचा, असं मनाशी घोळवत तो आळीत शिरला आणि थबकलाच. आळीत चिटपाखरू नव्हतं, धोट्याची खटखट बंद होती.

घरात आक्का आपल्या जुन्या मागाची फणी आणि धोटे एका जुन्या लुगड्यात बांधत बसली होती.

"आक्का, हे काय चालवलंयस?"

"आवराआवर रे. नाही जमत मला ते. डोक्यात दगड भरलेत माझ्या. साऱ्या आळीचं तेच."

पारखी हादरला. "अगं, पण पुस्तक वाचलंस ना?"

"वाचलं म्हणजे काय? पहिला धडा पाठ आहे." आक्काने तो घडाघडा म्हणून दाखवला. "जसं लिहिलंय तसं करते, कळ दाबते, माग ढिम्म हलत नाही. आता पुस्तकावर तर तुझा ठसा आहे. म्हणजे पुस्तक चुकणार नाही. मग चुकतंय कोण? मीच की!"

"चल, माझ्यासमोर कर," पारखी म्हणाला.

शिकण्यासाठी एक नवा माग चावडीत ठेवला होता. आक्का संगणकासमोर बसली. पुस्तकात बघून एकेक अक्षर तिने नीट उमटवलं आणि कळ दाबली. माग गप्प. तेवढ्यात पारख्याचा हात आपसूक पुढे गेला आणि त्याने वर एक ओळ लिहिली. माग घुर्र करून जागा झाला!

आक्काने त्याचं मनगट धरलं. "थांब. ही ओळ कुठली? ही पुस्तकात कुठंय?"

"अगं, ही मागाला जागं करायची ओळ. ती तर आधी लिहावीच लागते. ती नसली तर काहीच..."

त्याने पुस्तक ओढून घेतलं. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, सगळा धडा पालथा घातला. ती ओळ कुठेच नव्हती! हाच धडा त्याने किती वेळा वाचला होता. प्रत्येक वेळी ती ओळ त्याने मनातल्या मनात भरली होती आणि आपण भरतोय हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं. आणि ज्या पुस्तकाला तो हसला होता, त्याच्या दुसऱ्याच पानावर ती ठळक अक्षरांत होती.

एव्हाना चावडीत आळी गोळा झाली होती. एका म्हाताऱ्या विणकराने हळूच विचारलं, "म्हणजे साहेब, आम्ही मठ्ठ नाही?"

पारख्याने ते पुस्तक काखेत मारलं.

तो तसाच दरबारात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "राणीसाहेब, चूक माझी आहे." परीक्षा दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पुढे ढकलली गेली आणि मास्तरीणबाईंचं पुस्तक घरोघर निघालं. राणीने नियमही घातला. इथून पुढे नव्या विद्येचं पहिलं पुस्तक पारखायचं, तर ज्याला ती विद्या येत नाही त्याने ते वापरून बघायचं, आणि पारख्याने शेजारी बसायचं. हात पाठीमागे बांधून.

"आणि तो ठसा?" राणीने विचारलं.

"मारला मी, पुसायलाही मीच जाईन," पारखी म्हणाला.

दसऱ्याआधीच आक्काने पोपट विणला. तो उलटा आला, पाय वर आणि चोच खाली. पारख्याला वाटलं, आता ही पुन्हा डोक्यातले दगड काढणार! पण आक्का खळखळून हसली. "शीर्षासन करतोय की रे मेला! चार ओळींत कुठेतरी घोटाळा आहे. थांब, शोधते." पारख्याला रडूच फुटलं.

मग तो दारोदार हिंडला. प्रत्येक पुस्तकावरचा ठसा खोडायचा आणि हात जोडून सांगायचा, "चूक तुमची नव्हती." आळीच्या टोकाच्या घराला मात्र कुलूप होतं.

"ते सगळे श्रावणातच नगर सोडून गेले," शेजारीण म्हणाली. "कुठे, ते सांगितलं नाही. आमच्या रक्तातच बुद्धी नाही, म्हणाले, पोरांनाही शिकवणार नाही."

पारखी उंबऱ्यापाशी गेला. चूक तुमची नव्हती, हे त्यांना आता कोण सांगणार? उंबऱ्यावर त्यांनी पुस्तक परत करायला म्हणून ठेवलं होतं. त्याने ते उघडलं. पहिल्या धड्याची पानं बोटं फिरवून फिरवून काळी पडली होती. पुढची सगळी पानं कोरी करकरीत होती.

तात्पर्य: शिकणारा पहिल्याच पायरीवर अडखळला, तर त्याच्या बुद्धीला बोल लावण्याआधी ती पायरी जागेवर आहे का ते बघावं. आणि ते बघताना जाणत्याने स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नये.