शेजारणीची गोळी

गोंदवडी गावात एका भिंतीच्या अलीकडे गोदावरी राहायची आणि पलीकडे कुमुद. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली. नागपंचमीला गावातल्या बायका देवळापुढे फेर धरत, तेव्हा पहिलं गाणं गोदावरीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, हा वीस वर्षांचा रिवाज होता. तो मान हीच गोदावरीची दौलत. तिला तो जिवापाड प्यारा होता.

कुमुदची कंबर दुखायची. फेर सुरू झाला की ती पायरीवर बसून नुसत्या टाळ्या वाजवायची. गोदावरी तोंडानं हळहळायची, "आरारा, काय गं तुझं हे!" पण आतून तिला गारगार वाटायचं. खोटं कशाला बोला, असं गार आपल्यालाही कधीमधी वाटतं.

एका पंचमीला मात्र कुमुद पायरीवरून उठली. तिनं पदर खोचला, फेर धरला आणि वर गावातल्या सुनांशी फुगडी घातली. सुना दमल्या, ही दमेना. बायकांनी तिच्या नावानं देऊळ डोक्यावर घेतलं. गोदावरीची हाडं अलीकडे ठणकत असत. तिला दुसऱ्या फेरालाच खाली बसावं लागलं, तेही कुमुदच्याच पायरीवर. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखू लागलं, ते हाडांच्या दुखण्याहून जबर होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरून मान काढली.

"काय गं कुमुद, कंबर बदलून आणलीस का काय?"

"न्हाई ओ गोदाताई. तालुक्याच्या डॉक्टरनं रगात तपासलं. कॅल्शियम कमी निघालं. रोजची गोळी दिलीया, आन चालायला सांगितलंय."

"कुठली गोळी?"

"गोळीचं ऱ्हाऊ द्या. तुमी आधी रगात तपासून घ्या. माझी गोळी तुमाला लागू पडंलच आसं न्हाई."

बोलणं सरळ होतं, सल्ला हिताचा होता. पण गोदावरीच्या कानांना तो तसा ऐकूच आला नाही. 'लपवतीया सटवी,' ती मनात म्हणाली. 'मी बरी झाले तर हिचं कौतुक कोण करंल!'

चार दिवसांनी कुमुदनं गोळ्यांचं रिकामं पाकीट केरात टाकलं. गोदावरी उकिरड्यावर गेली, राखेत हात घालून तिनं ते पाकीट शोधून आणलं आणि पदरानं पुसलं. घरी तिला कुणी म्हशीचं शेण उचलायला सांगितलं तर नाक मुरडायची, पण मत्सराला घाण वाटत नाही. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात तिनं ते पाकीट दाखवलं आणि म्हणाली, "ह्येच द्या. भरपूर द्या."

कुमुद दिवसाला एक गोळी घेत होती. गोदावरीनं दोन सुरू केल्या. महिनाभरात गुण येईना, तेव्हा तीन केल्या. कुणीतरी सांगितलं, चुना हाडांना चांगला, म्हणून रोज दह्यात चुनाही कालवून घेऊ लागली. भिंतीपलीकडे कुमुद गाणं गुणगुणत अंगण झाडताना दिसली, की गोदावरी घरात जाऊन आणखी एक गोळी तोंडात टाकायची. औषधाची वेळ घड्याळ ठरवत नव्हतं, शेजारीण ठरवत होती!

हळूहळू तिला सारखी तहान लागू लागली. तांब्यावर तांबे रिचवले तरी घसा कोरडा. अन्नावरची वासना गेली, पोट साफ होईना, अंगातलं बळ गेलं. मुलाचं नाव घेताना ती दिराचं नाव घेऊ लागली. घरच्यांना वाटलं, वय झालं. तिला स्वतःला वाटलं, गोळ्या कमी पडताहेत.

वर्ष फिरलं, पंचमी आली. गोदावरी हट्टानं फेराच्या पुढे उभी राहिली. पहिली ओळ सांगितली. दुसरी आठवेना. वीस वर्षांचं गाणं, आणि ओठांवर काही येईना. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, पाय थांबले. तेवढ्यात मागून कुमुदनं हलक्या आवाजात दुसरी ओळ सांगितली. फेर मोडू नये एवढाच तिचा हेतू होता.

"माझा मान बी घेतलास!" गोदावरी ओरडली आणि तिथेच कमरेत कळ येऊन कोसळली.

तिला जीपमध्ये घालून तालुक्याला कुणी नेलं? कुमुदनंच. सगळ्या रस्ताभर गोदावरीचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मूत्रपिंडात खडे झालेत आणि रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. आपल्या गळ्यात मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती असावं ते त्या सांभाळतात. तुमची एक ग्रंथी बिघडलीय. ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतेय. म्हणून तर हाडं ठणकत होती."

"गोळ्यांनी बिघडली व्हय?"

"तसं म्हणता येणार नाही. बिघाड बहुधा आधीचाच आहे. पण उतू चाललेल्या भांड्यात तुम्ही वरून ओतत राहिलात. थोडा उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. कुणी सांगितल्या होत्या गोळ्या?"

"कुणी न्हाई."

"आणि आधी रक्त तपासा, असंही कुणी सांगितलं नाही?"

कुमुद शेजारीच उभी होती. तिनं गोदावरीच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. तिनं हिणवलं असतं तर गोदावरीला सोपं गेलं असतं. पण त्या मायेच्या हातानं गोदावरीची मान खाली गेली.

"सांगितलं हुतं," ती म्हणाली. "हिनंच सांगितलं हुतं. मला वाटलं, हिच्या मनात काळंबेरं हाय. काळं माझ्याच मनात हुतं, डॉक्टर."

पुढे शहरातल्या दवाखान्यात तिच्या गळ्यातली ती बिघडलेली ग्रंथी काढली. आता उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेणार, म्हणून डॉक्टरांनी रक्त बघून थोडे दिवस गोळ्या लिहून दिल्या. गोळी तीच, पांढरी. गोदावरीनं कागद हातात घेतला, निरखून बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आन कुमुदला किती देत्यात?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. लाजेनं तोंड कुठे लपवावं तिला कळेना.

दारात उभी असलेली कुमुद म्हणाली, "माझ्या किती त्ये मला बी सांगू नका, डॉक्टर. भिंतीला कान असत्यात."

गोदावरीला हसू फुटलं. गळ्याचा टाका ओढला गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसतच राहिली. कुमुदचं बोलणं जसं होतं तसं तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

तात्पर्य: दुसऱ्याला लागू पडलेलं औषध आपल्याला विष ठरू शकतं, म्हणून आधी तपासणी, मग गोळी, आणि ज्याच्या मनात मत्सर शिरला, त्याला हिताचा सल्लाही डाव वाटतो.