महाराजांच्या मालकीचा कचरा

महाराजांच्या बागेत जे पडेल ते महाराजांचं. ते बांधाबाहेर न्यायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. बागवान रवळूची मुलगी आवडी हे कळायला लागल्यापासून ऐकत होती. नारळ-सुपाऱ्या राजवाड्यावर जात. नारळाची सोडणं, म्हणजे वरची केसाळ सालं, झावळ्या आणि पोफळीच्या पानांच्या बुडाशी असतात त्या रुंद, चिवट विऱ्या मात्र तिथेच साठत. त्यांचा ढीग आता रवळूच्या डोक्याच्या वर गेला होता.

होळीला महाराज बाग पाहायला आले आणि त्या ढिगात पाय अडकून पडले.

"दिवाळीपर्यंत हे गेलं पाहिजे," ते उठत म्हणाले. "जाळायचं नाही, मला धुराने खोकला येतो. पुरायचं नाही, ही बाग आहे, स्मशान नाही. बांधाबाहेर तर न्यायचंच नाही. जमलं नाही, तर रवळूने बाग सोडावी."

सोबतच्या गावकर मंडळींनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, माना डोलावल्या. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

रवळू घरी येऊन भांडी बांधायला लागला.

"राहू द्या, बाबा," आवडी म्हणाली. "मला फक्त बागेतलं तळं वापरू द्या."

दिवाळीला महाराज आले. बाग लख्ख होती.

"ढीग कुठे आहे?"

"बागेतच आहे, महाराज. आधी जेवून घ्या."

महाराज मांडवात बसले, पोटभर जेवले. खीर दोनदा मागितली. "हं, आता दाखव."

"आपण ढिगावरच बसला आहात. सोडणं तळ्यात कुजवून कुटली, त्या काथ्याची ही चटई. डोक्यावर झावळ्यांची विणलेली झापं. विऱ्या भिजवून तापल्या दगडांखाली दाबल्या, त्यांच्या ताटात आपण जेवलात."

महाराजांनी ताट उलटंपालटं करून पाहिलं. "आणि या उष्ट्या ताटांचा उद्या पुन्हा ढीग होईल, त्याचं काय?"

"आमची म्हैस खाते."

"कोणाच्या परवानगीने?"

"तिला कोणी मनाई केली नव्हती. खीर तिच्याच दुधाची होती."

महाराज इतके हसले की त्यांना धुराशिवायच खोकला लागला. "आजपासून बागेत पडेल ते तुझं! बाहेर ने, वीक, हवं ते कर. लिहा रे हिच्या नावाने."

थोरले गावकर खाकरले. "मुलीच्या नावाने लिहायची रीत नाही, महाराज. घरातल्या कुणा पुरुषाच्या नावाने लिहू. काम काय, ती करीलच."

"नाही करणार," आवडी म्हणाली. "ज्याच्या नावाने लिहाल, त्याने तळ्यात उतरून कुजलेली सोडणं काढावीत. कंबरभर पाणी आहे. वास दोन दिवस अंगाला राहतो."

महाराज गावकरांकडे वळले. "बोला, कोणाचं नाव घालू?"

थोरल्या गावकरांनी नाकाला उपरणं लावलं आणि आवडीचंच नाव सांगितलं.